पार्टीचे क्रोस्टिनी, भेटीचे क्रोस्टिनी: एक आढावा

पावाची पातळ चकती भाजायची, तिला ऑलिव्ह तेल लावायचे आणि वर काहीतरी चविष्ट ठेवायचे: क्रोस्टिनीची कृती एवढीच. पाहुणे यायच्या आधी तासाभरात काम उरकते, भांडी फार लागत नाहीत आणि खायला काटा-चमचा लागत नाही. या सोयीमुळे मूळचा टस्कनीतला हा पदार्थ जगभरच्या घरगुती पार्ट्यांत पोचला. पुढे त्याला दुसरे काम मिळाले. चकत्या आधीच भाजून, डब्यात किंवा पिशवीत भरून, सोबत वर लावायला एखादी बरणी देऊन त्या भेट म्हणून दिल्या जाऊ लागल्या.

कृती छोटी असली तरी ती करणाऱ्यांत एकमत नाही. पाव ताजा घ्यावा की शिळा, आच मंद ठेवावी की कडक, तेल आधी लावावे की नंतर, लसूण चोळावा की तेलात मुरवावा, भाजलेल्या चकत्या किती दिवस ठेवाव्यात, या प्रत्येक प्रश्नावर जाणत्या माणसांत निदान दोन मते आढळतात. हा आढावा घेताना माझे मत असे झाले की यातले बरेच मतभेद दोन वेगळ्या पदार्थांना एकच नाव पडल्यामुळे निर्माण झाले आहेत. एक पदार्थ भाजल्यावर लगेच खायचा असतो, दुसरा आठ-दहा दिवसांनी. दोहोंतला फरक पाण्याचा आहे: पावातल्या, वरच्या थरातल्या आणि हवेतल्या. पुढची मांडणी याच धाग्याने केली आहे.

टस्कनीतले मूळ रूप

फ्लॉरेन्स आणि सिएनाच्या परिसरात सणावाराच्या जेवणाची सुरुवात ज्या क्रोस्टिनीने होते, ते कोंबडीच्या कलेजीचे असतात. कांदा मंद आचेवर परतून त्यात कलेजी, केपर, खारवलेले अँचोव्ही मासे आणि व्हिन सांतो ही गोड वाइन घालून शिजवतात आणि सगळे बारीक चिरून किंवा वाटून त्याचा जाडसर लेप करतात. काही घरांत त्यात तिल्लीही पडते. गडद रंगामुळे त्यांना काळे क्रोस्टिनी म्हणतात. पार्टीतले क्रोस्टिनी खाल्लेल्या माणसाला नवल वाटेल अशी गोष्ट म्हणजे यातला पाव अनेक घरांत कुरकुरीत नसतोच. भाजलेल्या कापाची एक बाजू गरम सूपमध्ये किंवा वाइनमध्ये जेमतेम टेकवतात आणि मग त्यावर कलेजी पसरतात. पाव थोडा मऊ, थोडा चिवट आणि रसाने भरलेला लागायला हवा, अशी तिथली अपेक्षा असते.

हा पावही वेगळा असतो. टस्कनीचा पाव बिनमिठाचा, नैसर्गिक आंबवणाने फुगवलेला आणि जाड कवचाचा असतो. २०१६ साली युरोपीय संघाने 'पाने तोस्कानो'ला संरक्षित उगमाचा दर्जा दिला. मीठ न घालणे हा त्याच्या नियमांचाच भाग आहे. मीठ का गेले याबद्दल पिसाने मिठाची वाट अडवली, मिठावरचा कर परवडेना अशा कथा सांगतात, पण त्यांतली कुठलीच पक्की मानता येत नाही. स्वयंपाकघरातला परिणाम मात्र सहज कळतो. अळणी पावावर अँचोव्ही आणि केपरचा खारटपणा नेमका बसतो. तोच लेप मीठ घातलेल्या बगेतवर लावला की खारट होतो. कलेजीच्या कृती टस्कनीबाहेर करताना मीठ कमी करावे लागते; अनेक पाककृतींत याचा उल्लेख नसतो, तो असायला हवा.

लिखित परंपरेत पेल्लेग्रीनो आर्तुसी यांचे स्थान मोठे आहे. १८९१ साली फ्लॉरेन्समध्ये त्यांनी स्वखर्चाने छापलेल्या पाकशास्त्राच्या ग्रंथाने इटालियन घरगुती स्वयंपाकाला एक सामाईक चौकट दिली. त्यात केपरचे, ट्रफलचे, कलेजीचे असे अनेक प्रकारचे क्रोस्टिनी आहेत. त्याही आधी, १५६० साली, डोमेनिको रोमोली या फ्लॉरेन्सच्या लेखकाचा ग्रंथ निघाला. रोमोली ज्या 'पानुन्तो' या टोपणनावाने ओळखला जाई, ते तेल माखलेल्या पावाचेच नाव. मध्ययुगात पावाच्या जाड कापांचा ताटासारखा उपयोग होत असे हे खरे, आणि क्रोस्टिनी त्यातूनच आले असे सांगणारे पुष्कळ आहेत. मधले दुवे विरळ असल्याने मी तो दावा शक्यता म्हणूनच नोंदवीन.

जवळच्या नातलगांची ओळख इथेच करून घेतलेली बरी. मध्य इटलीतला ब्रुस्केत्ता आकाराने मोठा, निखाऱ्यावर भाजलेला, लसूण चोळलेला. टस्कनीतला फेत्तुंता म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास घाण्यावरून आलेले नवे तेल चाखण्यासाठी भाजलेला काप. त्यावर तेल, लसूण आणि मीठ यापलीकडे काही नसते. व्हेनिसच्या छोट्या मद्यगृहांत वाइनबरोबर मिळणाऱ्या तोंडी लावण्यांत फेटलेल्या सुकवलेल्या कॉड माशाचे क्रोस्टिनी असतात. हे सगळे त्या त्या क्षणी करून त्या त्या क्षणी खायचे पदार्थ आहेत. डब्यात भरण्याचा विचार त्यांत नव्हता.

कुरकुरीत चकतीकडे

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी भाषक देशांत इटालियन स्वयंपाक घराघरांत शिरला तेव्हा क्रोस्टिनीचे रूप बदलले. टस्कनीचा पाव तिथे सहज मिळत नव्हता. फ्रेंच बगेत मिळत होता. पाच-सहा सेंटिमीटर व्यासाच्या बगेतचे तिरके काप दोन घासांत संपतात आणि उभ्याने गप्पा मारताना खायला सोयीचे पडतात. अमेरिकेत कॅरल फील्ड यांच्या १९८५ च्या पुस्तकाने इटालियन पावांची गोडी लावली आणि चाबाता हा पाव क्रोस्टिनीसाठी लोकप्रिय झाला. चाबाता जुना वाटतो, पण तो १९८२ साली व्हेनेतो प्रांतातल्या आद्रिया गावी आर्नाल्दो काव्हाल्लारी यांनी तयार केला. म्हणजे आज 'अस्सल' म्हणून वापरले जाणारे दोन पाव, एक परदेशी आणि दुसरा चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा.

या बदलात पावाचा पोतही बदलला. ओव्हनमध्ये पूर्ण वाळवलेली, बोटांनी मोडली की टचकन तुटणारी चकती हाच क्रोस्टिनीचा अर्थ रूढ झाला. इटालियन स्वयंपाकाचे काही अभ्यासक याला मूळ पदार्थाची हानी मानतात: पावाचा गाभा मऊ राहिला नाही तर तेल आणि रस शोषणार कोण, आणि खाताना टाळूला टोचणारा कडक तुकडा हे पाहुणचाराचे लक्षण कसे? दुसरी बाजू म्हणते की घरी वीस-पंचवीस पाहुण्यांसाठी एकटी व्यक्ती राबत असते. तिला आदल्या दिवशी करून ठेवता येईल असा पाया हवा, आणि तो पूर्ण वाळलेलाच असावा लागतो. मला दोन्ही म्हणणी आपापल्या जागी बरोबर वाटतात. अडचण येते ती एकाची कृती दुसऱ्याच्या कामाला लावल्यावर.

पाव ताजा की शिळा

शिळ्या पावाची बाजू जुनी आणि व्यावहारिक आहे. आदल्या दिवशीच्या पावाचे काप सुबक पडतात, तुटत नाहीत आणि पाणी थोडे कमी असल्याने लवकर वाळतात. ताज्याच्या बाजूचे लोक म्हणतात की सुवास ताज्यातच असतो. शास्त्राचे म्हणणे थोडे वेगळे आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की हवाबंद ठेवलेला, पाणी न गमावलेला पावही शिळा होतो, आणि गरम केल्यावर पुन्हा ताज्यासारखा लागतो. शिळेपणा हा मुख्यतः पिठातल्या स्टार्चच्या पुन्हा घट्ट जुळण्याचा परिणाम आहे. वाळणे ही निराळी क्रिया. शून्य ते चार-पाच अंशांच्या दरम्यान ही जुळणी सर्वांत वेगाने होते, त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवलेला पाव बाहेरच्यापेक्षा लवकर निबर होतो. फ्रीजरमध्ये मात्र ती जवळजवळ थांबते. पाव आधी आणून ठेवायचा असेल तर काप करून फ्रीजरमध्ये ठेवणे हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे, आणि यावर आता फारसा वाद उरलेला नाही.

जाडीबद्दल दोन आकडे फिरत असतात. लगेच खायचे असेल तर एक ते सव्वा सेंटिमीटर, म्हणजे बाहेरून भाजलेले आणि आतून लवचीक. टिकवायचे असेल तर अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे गाभ्यापर्यंत वाळेल. मोठ्या भोकांचा चाबाता दिसायला सुरेख, पण ओला लेप भोकांतून कपड्यांवर गळतो. बारीक, एकसारख्या जाळीचा पाव पार्टीला बरा.

मुंबई-पुण्यात बगेत आणि आंबवणाचा पाव बेकऱ्यांत मिळू लागला आहे. जिथे मिळत नाही तिथे लादीपावाचे काप करतात. ते भाजून होतात, पण कवच पातळ असल्याने ओल्या थराखाली लवकर खचतात. त्यांच्यावर चीज किंवा घट्ट लेपच लावावा. गोव्यात पोदेराकडचा कडक कवचाचा उंडो याहून सरस ठरतो. तिथलाच पोई हा पाव मात्र आतून पोकळ असतो, त्याचे काप पडत नाहीत.

आच

या प्रश्नावर सर्वाधिक मतभिन्नता आहे आणि तिच्यामागे कारणेही आहेत. एक पक्ष कडक आचेचा: निखारे, जाळी, तापलेला तवा किंवा २०० अंश सेल्सिअसच्या वरचा ओव्हन. दोन-चार मिनिटांत पृष्ठभाग तांबूस होतो, कडा किंचित करपतात, गाभा ओलसर राहतो. टस्कनीची परंपरा इथे बसते. दुसरा पक्ष मध्यम आचेचा, साधारण १७५ ते १९० अंश, आठ ते बारा मिनिटे, मध्ये एकदा उलटून. पाश्चात्त्य पाककृतींत हे प्रमाण सर्वांत जास्त दिसते. तिसरा मंद आचेचा, १५० अंशांच्या जवळ, पंचवीस-तीस मिनिटे. शेवटी ओव्हन बंद करून चकत्या आतच थंड होऊ द्यायच्या.

फरक समजायला पावातल्या पाण्याकडे बघावे. ताज्या पावाच्या गाभ्यात वजनाच्या ३५ ते ४० टक्के पाणी असते. कडक आचेत वरचा थर तापून तपकिरी होतो, पण आतले पाणी बाहेर पडायला वेळ मिळत नाही. ओव्हनमधून काढल्यावर ते आतून बाहेर सरकते आणि अर्ध्या तासात कवच मऊ करते. डब्यात भरलेल्या चकत्या दुसऱ्या दिवशी रबरासारख्या लागतात त्याचे कारण बहुधा हवेतला दमटपणा नसतो, त्यांच्या पोटातलेच पाणी असते. मंद आचेत पाणी आधी निघून जाते आणि रंग मागाहून येतो. आपल्या बेकरीतला चहाबरोबरचा टोस्ट याच तत्त्वावर महिनाभर टिकतो: एकदा पाव म्हणून भाजलेला आणि काप करून पुन्हा वाळवलेला. इटलीतही पुलिया प्रांतात फ्रिसेल्ले नावाची दुबार भाजलेली पावाची कडी असतात. ती दगडासारखी कडक, दीर्घकाळ टिकणारी. खाण्यापूर्वी पाण्यात क्षणभर बुडवतात आणि वर टोमॅटो, तेल, मीठ घालतात. भेटीच्या क्रोस्टिनीचे खरे पूर्वज शोधायचे तर टस्कनीपेक्षा मला पुलिया जवळचा वाटतो.

मध्यम आचेबद्दल माझे मत थोडे कडक आहे. पाककृतींत ती सर्वाधिक असली तरी ती ना धड परंपरेची ना टिकाऊपणाची. त्याच संध्याकाळी संपणाऱ्या चकत्यांना ती चालते. तिच्या समर्थकांचा मुद्दा असा की घरगुती ओव्हनमध्ये, विशेषतः लहान ओटीजीत, तापमान सगळीकडे सारखे नसते आणि मध्यम आच चुका सांभाळून घेते. हा मुद्दा खरा आहे. लहान ओटीजीत वरची सळई जवळ असते. तिथे ट्रे खालच्या खाचेत ठेवून जाळीवर चकत्या मांडल्या तर खालूनही वाफ निघून जाते. एअर फ्रायरमध्ये वारा जोरात फिरत असल्याने वाळणे झपाट्याने होते, पण हलक्या चकत्या उडून उलटतात आणि एका वेळी थोड्याच मावतात.

रंगाचा प्रश्न गेल्या दोन दशकांत आरोग्याशी जोडला गेला. पाव तांबूस होताना जी सुगंधी क्रिया घडते तिचे वर्णन लुई कामीय मायार यांनी १९१२ साली केले. २००२ साली स्वीडनमधून जाहीर झाले की स्टार्चयुक्त पदार्थ १२० अंशांच्या वर तापवताना त्याच क्रियांच्या साखळीत ॲक्रिलामाइड तयार होते. १९९४ पासून हे रसायन मानवात संभाव्य कर्करोगकारक मानले गेले आहे. युरोपीय संघाने २०१७ साली नियमावली केली, ती एप्रिल २०१८ पासून लागू झाली. त्यात गव्हाच्या मऊ पावासाठी किलोमागे ५० मायक्रोग्रॅम आणि कुरकुरीत वाळवलेल्या पावासाठी ३५० मायक्रोग्रॅम असे संदर्भस्तर ठरवले आहेत. प्राण्यांवरचे पुरावे चिंताजनक आहेत. आहारातल्या प्रमाणाचा माणसांवरचा परिणाम तपासणाऱ्या अभ्यासांतून एकसारखे चित्र मिळालेले नाही. सोनेरी रंगावर थांबा, तपकिरी-काळ्यापर्यंत नेऊ नका, हा सरकारी सल्ला. निखाऱ्यावर भाजणाऱ्यांना मात्र करपलेली कड चवीचा भाग वाटते. वर्षातून चार वेळा पार्टीत खाल्ल्या जाणाऱ्या चकत्यांपुरता हा वाद मोठा नाही. रोज टोस्ट खाणाऱ्यांसाठी तो आहे.

तेल आणि लसूण

तेल भाजण्याआधी लावले तर उष्णता सारखी पसरते, रंग एकसमान येतो आणि पावाला खुसखुशीतपणा येतो. भाजल्यावर लावले तर तेलाचा स्वतःचा हिरवट, तिखटसर स्वाद शाबूत राहतो. फेत्तुंताच्या परंपरेत नंतरच लावतात, कारण तिथे तेल हाच मुख्य पदार्थ आहे. महागाचे एक्स्ट्रा व्हर्जिन तेल ओव्हनमध्ये घालवणे अनेकांना पटत नाही, आणि आपल्याकडच्या किमती पाहता ते समजण्यासारखे आहे. आधी साधे ऑलिव्ह तेल हलक्या हाताने ब्रशने लावून, वाढताना वरून चांगल्या तेलाची धार सोडणे हा मधला मार्ग पुष्कळ ठिकाणी दिसतो.

भेटीसाठी विचार बदलतो. वाळलेला पाव सच्छिद्र असतो. त्यात तेल पातळ थराने खूप मोठ्या क्षेत्रावर पसरते आणि हवेशी संपर्क वाढून लवकर खवट होते. बाटलीत वर्षभर चांगले राहणारे तेल चकतीवर काही आठवड्यांत वास मारू लागते. त्यामुळे काही जण भेटीच्या चकत्या बिनतेलाच्या भाजतात आणि सोबत तेलाची छोटी बाटली देतात. दुसरे म्हणतात की बिनतेलाची चकती नुसती खाववत नाही, आणि भेट मिळालेला माणूस पहिल्याच संध्याकाळी डबा उघडून दोन तुकडे तोंडात टाकणारच. दोन-तीन आठवड्यांच्या मुदतीत तेल लावलेली, त्यापुढे बिनतेलाची, असा भेद मला सोयीचा वाटतो.

लसणाबद्दल मात्र मतांची बाब मागे पडते. गरम, खरखरीत कापावर कच्च्या लसणाची पाकळी चोळणे ही जुनी रीत, आणि लगेच खायच्या पदार्थाला तीच उत्तम. घाऊक काम करणारे लसूण तेलात घालून ठेवतात आणि ते तेल ब्रशने लावतात. ताज्या लसणात पाणी असते, आम्लता कमी असते आणि तेलाखाली हवा पोचत नाही. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला विष तयार करायला अशीच परिस्थिती लागते. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये फ्रिजबाहेर ठेवलेल्या, तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम झाला. १९८९ साली न्यू यॉर्क राज्यातल्या किंग्स्टनमध्ये तिघांना झाला. तिथे तसलाच लसूण पावाला लावलेला होता. त्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असे विक्रीचे पदार्थ केवळ फ्रिजवर विसंबून न ठेवता आम्लयुक्त करणे बंधनकारक केले. विषाला रंग, वास, चव नसते, त्यामुळे चाखून कळत नाही.

यातून निघणारा व्यवहार सोपा आहे. लसणाचे तेल करून त्याच दिवशी वापरायचे, उरलेले फ्रिजमध्ये ठेवून दोन-चार दिवसांत संपवायचे किंवा टाकून द्यायचे. ते तेल पावाला लावून पाव पूर्ण वाळवला तर धोका राहत नाही, कारण पाणीच उरत नाही. घरी केलेल्या लसूण-तेलाची बाटली भेट म्हणून देऊ नये. दिसायला कितीही सुंदर असली तरी. अमेरिकेतल्या आयडाहो विद्यापीठाने घरगुती वापरासाठी एक पद्धत तपासली आहे: लसूण बारीक चिरून ३ टक्के सायट्रिक आम्लाच्या द्रावणात २४ तास भिजवायचा आणि मग तेलात घालायचा. मोजमाप काटेकोर पाळले तर ती सुरक्षित आहे. चवीत येणारा आंबटपणा सगळ्यांना आवडत नाही, आणि अंदाजपंचे लिंबू पिळणे म्हणजे ती पद्धत नव्हे.

पार्टी: वरचा थर केव्हा

इथे तीन रिती आहेत. यजमानाने वाढण्यापूर्वी सगळे रचून आणायचे. चकत्या एका बाजूला आणि वाडगे दुसऱ्या बाजूला ठेवून पाहुण्यांना स्वतः लावू द्यायचे. किंवा थोडे थोडे करून दर पंधरा-वीस मिनिटांनी नवे ताट आणायचे. पहिल्यात देखणेपणा आणि चवीचे गणित यजमानाच्या हाती राहते, पण चकती सादळते. दुसऱ्यात सादळत नाही. मात्र पाहुणे गोंधळतात, ओळ लागते आणि एकच चमचा सगळ्या वाडग्यांत फिरतो. शाकाहारी-मांसाहारी पाहुणे एकत्र असतात अशा आपल्या घरांत हा मुद्दा किरकोळ नाही. तिसरी रीत सर्वांत चांगली, पण यजमानाला बसू देत नाही.

पहिली रीत वाचवण्याचे उपायही आहेत. चिरलेल्या टोमॅटोला मीठ लावून चाळणीत वीस-तीस मिनिटे निथळू द्यावे. त्याचे पाणी निघून जाते आणि चव एकवटते. ओल्या थराखाली स्निग्ध थर द्यावा: लोणी, क्रीम चीज, घट्ट रिकोटा. फ्लॉरेन्सचे लोणी-अँचोव्हीचे क्रोस्टिनी बराच वेळ टिकतात ते यामुळेच. रिकोटाऐवजी आपल्याकडे चक्का वापरतात; तो चालतो, फक्त आंबट असल्याने मधाशी किंवा भाजलेल्या भोपळ्याशी जुळतो, टोमॅटोशी तितका नाही. शाकाहारी लेपांत टस्कनीचाच पांढऱ्या घेवड्याचा लेप मला सर्वांत भरवशाचा वाटतो. उकडलेले दाणे, सेजची पाने, लसूण आणि भरपूर तेल एकत्र घोटायचे; घट्ट असल्याने तो पावाला पाणी सोडत नाही.

वेळेचा दुसरा हिशेब सुरक्षिततेचा आहे. नासणारे पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरापेक्षा जास्त नको, असा अमेरिकी कृषी खात्याचा नियम आहे. कलेजी, चीज, मासे, उकडलेली कडधान्ये सगळी यात येतात. नागपूरच्या मे महिन्यातल्या गच्चीवरच्या पार्टीला हा तासाचा नियम लागू पडतो. तिथे छोटी ताटे पुन्हा पुन्हा आणण्याला पर्याय नाही.

भेट: टिकण्याचा हिशेब

भेटीच्या चकतीचे यश हवेतल्या ओलाव्यावर ठरते. कुरकुरीत पदार्थांवरच्या संशोधनात असे दिसते की त्यांची जलक्रियता, म्हणजे पदार्थातल्या मोकळ्या पाण्याचे माप, ०.४ ते ०.५ च्या पुढे गेली की कुरकुरीतपणा जातो. म्हणजे ४०-५० टक्क्यांहून जास्त आर्द्रतेच्या हवेत उघडी ठेवलेली चकती काही काळाने मऊ होणार. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. मिलान किंवा शिकागोच्या हिवाळ्यात, आत हीटर लावलेल्या कोरड्या घरात लिहिलेल्या 'दोन आठवडे कागदी पिशवीत छान राहतात' अशा सूचना इथे जुलैत कामाच्या नाहीत. दिवाळीपर्यंत हवा कोरडी होऊ लागते आणि भेटींचा हंगामही तोच, हा योग चांगला जुळून आला आहे.

चकत्या पूर्ण थंड झाल्यावरच भराव्यात, कारण कोमट चकतीची वाफ डब्यातच अडकते. सुती पिशव्या आणि छिद्रांच्या टोपल्या दिसायला छान, पण आत हवाबंद पिशवी हवीच. काचेची बरणी ओलावा पूर्ण अडवते, प्रकाश अडवत नाही. तेल लावलेल्या चकत्यांना पत्र्याचा डबा बरा. खाद्यपदार्थांसाठीचीच सिलिका जेलची पुडी घालायला हरकत नाही, मात्र लहान मुले असलेल्या घरी ती देणे मी टाळीन. डब्यावर भाजल्याची तारीख, तेल आणि पिठाचा प्रकार, तीळ किंवा सुकामेवा असल्यास तो, आणि 'मऊ वाटल्यास १५० अंशांवर पाच मिनिटे गरम करा' एवढे लिहावे.

सोबत द्यायच्या बरणीवर मतभेद जास्त आहेत. एक बाजू म्हणते, लेपाशिवाय नुसत्या चकत्यांची भेट अपुरी. दुसरी म्हणते, घरगुती लेप खोलीच्या तापमानाला ठेवण्याजोगे नसतात. दोन्ही बाजूंना मान्य होतील असे पदार्थ आहेत: पाश्चरीकृत मध, साखरेत शिजवलेला कांद्याचा किंवा अंजिराचा घट्ट आंबट-गोड जॅम, बंद पाकिटातले चीज, दुकानातली सीलबंद ऑलिव्हची बरणी. घरी केलेला पेस्टो, तेलातली भाजलेली सिमला मिरची, घेवड्याचा लेप, कलेजी हे सगळे फ्रिजचे पदार्थ. ते हातोहात द्यायचे आणि दोन-तीन दिवसांत खायला सांगायचे.

अजून न सुटलेले

काही प्रश्नांची उत्तरे आज तरी पुरती मिळत नाहीत. घरगुती तेल लावलेल्या चकतीची नेमकी मुदत हा पहिला. तेलाची जात, पिठातला कोंडा, भाजण्याची पातळी, डब्यातली हवा यांप्रमाणे ती बदलते, आणि पाककृतींत तीन दिवसांपासून महिन्यापर्यंत सगळे आकडे आढळतात. कारखान्यातल्या वाळलेल्या पावांवरचे निष्कर्ष घरच्या ओटीजीला तसेच लावता येत नाहीत. तोवर नाकाचाच भरवसा: रंगाच्या डब्यासारखा किंवा जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला की टाकून द्यावे.

दुसरा प्रश्न कोंडायुक्त आणि भरड धान्यांच्या पावांचा. ते पौष्टिक म्हणून भेटीसाठी मागितले जातात, पण कोंड्यातले आणि अंकुरातले तेल त्यांना लवकर खवट करते, आणि ज्वारी-बाजरी-नाचणीत गव्हासारखे ग्लुटेन नसल्याने पातळ काप भाजल्यावर भुगा होतात. गव्हात नाचणी मिसळलेले पाव आता मिळतात. त्यांचे क्रोस्टिनी चांगले होतात, पण नाचणीचा मूळ रंगच गडद असल्याने सोनेरीवर थांबण्याची खूण निकामी होते. तिथे वजन मोजणे उपयोगी पडावे: चकत्या भाजण्याआधी आणि नंतर वजन करून, ताज्या पावाचे वजन जवळजवळ एक-तृतीयांशाने घटले की वाळले असे समजायचे.

तिसरा प्रश्न टस्कनीतल्या त्या ओलसर क्रोस्टिनीचा. डब्यातल्या चकतीचे रूप जगभर एवढे रुळले आहे की सूपमध्ये टेकवलेला मऊ पाव पाहुण्यांपुढे ठेवला तर तो बिघडलेला वाटण्याची शक्यता जास्त. काही जण त्यावर कोरडी चकती आणि गरम सूपचा वाडगा शेजारी ठेवून ज्याने त्याने बुडवून घ्यावे असा मार्ग सुचवतात. कलेजीच्या लेपाला तो शोभतो. लोण्याच्या किंवा चीजच्या थराला शोभत नाही, आणि घेवड्याच्या लेपाबाबत तो करून पाहण्याजोगा आहे.